मोतीबाईच्या बरगडीखालचे यकृत

मी एक जुने यकृत आहे. रनाळ्याच्या मोतीबाईच्या पोटात, उजव्या बरगडीखाली, अठ्ठेचाळीस वर्षांपासून राबते आहे.

मित्रांनो, मोतीबाईने गिळलेली बहुतेक औषधे पोटातून आधी माझ्याकडे येतात. काही औषधे झोपलेली येतात. त्यांना जागे करून मी कामाला लावते. पुष्कळशी मात्र मोडून, पाण्यात विरघळतील अशी करून लघवीवाटे बाहेर धाडते. ही मोडतोड कुणाच्या अंगात भरभर होते, कुणाच्या सावकाश. म्हणून एकच गोळी एकाला गुण देते आणि दुसऱ्याला बाधते.

मोतीबाई नंदुरबारजवळच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मैदानावर, देठ खुडायला जाते. यंदा हंगामात तिला ताप भरला. सरकारी दवाखान्यातून तापाच्या गोळ्या मिळाल्या. त्या पुरेशा होत्या. पण अंग ठणकत होते, म्हणून सोबतच्या बाईने अंगदुखीच्या गोळ्या दिल्या. नाक गळायला लागले, तेव्हा मोतीबाईने स्वतःच किराणा दुकानातून सर्दीच्या आणल्या.

"जरा पडी ऱ्हाय ना," शेजारीण म्हणाली.

"नही वं, माले कामवर जानं शे," म्हणून मोतीबाईने तीन रंगांच्या तीन गोळ्या एकदमच गिळल्या. असे दिवसातून तीन-चारदा, तीन दिवस. जेवण जाईना, नुसता चहा.

तिन्ही गोळ्यांत पॅरासिटामॉल होते. हे औषध माझ्या ओळखीचे. त्याचा मोठा भाग मी सहज निरुपद्रवी करून टाकते. थोड्या भागाचे मात्र माझ्याच हातून विष होते. ते मारायला माझ्याकडे एक साठा असतो. पण हा साठा अन्नावर भरतो, आणि अन्न तर येतच नव्हते. तिसऱ्या दिवशी तो संपला. विष मलाच जाळू लागले, आणि माझ्यात ओरडायची सोय फारशी नाही. मोतीबाईला वाटले, तापामुळेच मळमळते आहे.

चौथ्या दिवशी तिची मुलगी कामिनी लोणखेड्याच्या कॉलेजातून घरी आली. आई ओकून ओकून गळून गेली होती.

"माय, तुन्हा डोया पिवया दिखी ऱ्हायनात! काय खादं तू?"

मोतीबाईने उशाकडे बोट केले. कामिनीने तिन्ही पाकिटे उजेडात धरली. वर नावे वेगळी होती. खालची बारीक अक्षरे तिने बोट ठेवून वाचली. "माय, या तिन्हीसमा येकच दवाई शे!"

पाकिटे मुठीत धरूनच तिने आईला रिक्षात घातले. नंदुरबारच्या इस्पितळात डॉक्टरांनी ती पाहिली आणि लगेच सलाईनमधून विषावरचा उतारा सुरू केला. माझा रिता साठा त्यानेच पुन्हा भरत आणला.

"वाचेल ना मन्ही माय?" कामिनीने विचारले.

"दोन दिवस काही सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध वाईट नाही, बाळा. जास्त झालं आणि पोट रिकामं होतं. पण पाकिटं आणलीस ते बरं केलंस. नाहीतर साधी कावीळ समजून आमचा वेळ गेला असता."

ते दोन दिवस कामिनी खाटेजवळून हलली नाही. तिसऱ्या दिवशी मोतीबाईने भाताची पेज मागितली. मी हळूहळू भरून आले. मोडलेले पुन्हा वाढवण्याची ताकद माझ्यात असते. पण ती अमर्याद नाही.

अकराव्या दिवशी मोतीबाई घरी निघताना डॉक्टरांनी तिच्या बरगडीखाली दाबून पाहिले. नंतर मोतीबाईने स्वतःच तिथे हात ठेवला आणि लेकीला म्हणाली, "इतला दिन माले मालूमच नही व्हतं, का आठे बी कोनी राबी ऱ्हायनं."

मित्रांनो, तुमच्याही बरगडीखाली कुणीतरी राबते आहे. गोळीचा रंग नका पाहू, पाकिटावरच्या बारीक अक्षरांतले औषधाचे नाव वाचा. वाचता येत नसेल तर विचारा. दोन पाकिटांवर एकच नाव दिसले, तर दुसरे खाली ठेवा. इतके तुम्ही करा. पुढचे मी करते.