सगळीकडं नऊ

मी एक जुना टायर आहे, असं म्हणायलाही मला राग येतो, मित्रांनो. कारण जुना होण्याआधीच मला मोडीत काढलं. चार हजार किलोमीटरसुद्धा धावलो नाही मी. अंगावरची नक्षी अजून नवी आहे. फक्त खांद्यावर वीतभर चीर आहे, आणि ती माझ्या दोषाने पडलेली नाही.

सोलापुरात, नवी पेठेत महेश्वरचं कापडाचं दुकान आहे. त्याने हौसेने लाल रंगाची, दोन दारांची एक वापरलेली स्पोर्ट्स कार आणली. तिची चाकं होती सतरा इंची. ती काढून त्याने अठरा इंची चकचकीत चाकं मागवली आणि टायर कोणता बसेल हे विचारायला शंकरप्पांच्या दुकानात गेला. शंकरप्पांचं आयुष्य टायर बसवण्यात गेलेलं. त्यांनी मडगार्डखाली हात घालून बोटांनी जागा मापली आणि खडूने फरशीवर लिहिलं, २२५/३५ आर १८.

हे आकडे शोभेचे नसतात बरं का. पहिला आमची रुंदी सांगतो. दुसरा सांगतो, आमची बाजूची भिंत त्या रुंदीच्या शेकडा किती उंच. तिसरा म्हणजे आतल्या चाकाचे इंच. चाक मोठं घेतलं की भिंत ठेंगणी घ्यायची, म्हणजे बाहेरून उंची होती तेवढीच राहते. यात न कळण्यासारखं काय आहे?

पण महेश्वरने बेरीज केली. तीन आणि पाच आठ. आठ म्हणजे शनीचा आकडा! त्याच्या गाडीच्या नंबरची बेरीज नऊ, फोनची नऊ. म्हणून त्याने मला पसंत केलं, २२५/४५ आर १८. दोन, दोन, पाच नऊ. चार, पाच नऊ. एक, आठ नऊ.

शंकरप्पा म्हणाले, "बेरीज बसती रे, पन टायर बसत न्हाय की. बोटभर वर चढतोय, घासनार." आणि त्यांनी मला बसवायला साफ नकार दिला. महेश्वरने दुसरीकडून बसवून घेतलं. माझ्यावर विभूतीची तीन बोटं ओढली, माझ्याखाली लिंबू ठेवलं. पूजा झाली, माप मात्र कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक वळणावर मडगार्ड मला घासत होतं. मी ओरडायचो. ऐकलं एकटीने, महेश्वरच्या चार वर्षांच्या धनलक्ष्मीने. आईच्या माहेरी, मैंदर्गीला जाताना ती मागच्या सीटवरून म्हणाली, "अप्पा, चाक कण्हतंय." महेश्वर म्हणाला की नवे टायर असेच वाजतात, आणि त्याने गाण्याचा आवाज वाढवला. माझ्या जादा उंचीमुळे वेगाचा काटासुद्धा खोटं बोलत होता. ऐंशी दाखवायचा आणि गाडी पंच्याऐंशीच्या वर पळायची.

पुढच्या वळणावर खड्डा आला. गाडी खाली दबली आणि मडगार्डची पत्र्याची कड माझ्या खांद्यात घुसली. मागे ती पोर होती. गाडीचा वेग उतरेपर्यंत, जेवढी धरवली तेवढी हवा मी धरून ठेवली. गाडी तुरीच्या शेतात शिरून थांबली. कुणाला खरचटलंही नाही.

आणि बक्षीस काय? महेश्वरने उतरून मला लाथ मारली. म्हणे टायरच खोटा निघाला!

फोन गेल्यावर शंकरप्पा स्वतः आले. त्यांनी मडगार्डच्या आतला घासून गुळगुळीत झालेला भाग महेश्वरला बोटाने दाखवला. महेश्वरने मान खाली घातली, पण हेका सोडला नाही. दुसरे टायर घेतो, फक्त तो आठाचा नको.

गाडीत सोबत असलेली त्याची बायको शिवानी लेकीला कडेवर घेऊन पुढे आली.

"ही आठ तारखेला जन्मली की. हिला पन बदलून आनायची का?"

महेश्वरने लेकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पस्तीसचाच बसवा, काका."

आता मी शंकरप्पांच्या दुकानाच्या दारात, चीर रस्त्याकडे करून उभा असतो. मला काढून नेताना धनलक्ष्मीने त्या चिरेवर फुंकर घातली होती. माझी पूजा झाली, मला लाथ बसली, पण कुठं दुखतंय हे तेवढं त्या पोरीला कळलं.

मित्रांनो, आमच्या अंगावर जे लिहिलंय ते वाचा. त्याची बेरीज करू नका.