टाचणीवर आळ

मित्रांनो, मी टाचण्या खोचून ठेवायची एक जुनी गादी आहे. एका टेलर मास्तरांच्या बायकोने उरलेल्या लाल मखमलीतून मला शिवले आणि पोटात चिंध्या ठासून भरल्या. "अहो, आता तरी टाचण्या तोंडात धरू नका," असे बजावून तिने मला मशीनशेजारी ठेवले.

मास्तरांनी माझे तोंडभर कौतुक केले. टाचण्या मात्र ओठांतच राहिल्या. कपडा अंगावर बेतताना त्या पटकन हाताशी येतात, असे त्यांचे म्हणणे. मी आपली रिकामीच. खरे सांगते, मला त्या ओठांचा हेवा वाटे.

मास्तरांना दुसरीही सवय होती. चुना लावून मळलेली तंबाखूची चिमूट डाव्या गालात सरकवायची, मगच मशीन चालू करायचे. पुढे त्याच गालात आत पांढरा चट्टा उठला. तिखट झोंबू लागले, घास लहान झाले.

"टाचणी टोचली असेल," मास्तर म्हणाले. "शिंप्याच्या तोंडाला एवढं चालायचंच."

बायकोलाही ते पटले. अहो, टाचण्या पुढे ओठांत आणि चट्टा आत तंबाखूच्या जागी! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! पण गादीचे कोण ऐकणार?

एकदा दातांच्या डॉक्टरीणबाई कोट शिवायला आल्या. मास्तर तोंडातल्या तोंडात बोलत होते, ते त्यांना खटकले.

"मास्तर, त्या टाचण्या काढा आणि आ करा बघू."

तोंडात दोन बोटेही उभी जाईनात.

"टाचणीची जखम कधीच भरली असती. हे तंबाखूचं काम आहे."

"कॅन्सर तर नाही ना हो?" बायकोने घाबरून विचारले.

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. पण आजच चला."

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. निकाल येईपर्यंत मशीन बंद होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. कॅन्सर नव्हता, पण वाट तिकडेच जात होती.

तंबाखू सुखासुखी सुटली नाही. मास्तरांचे तोंड अजूनही पुरते उघडत नाही. टाचण्या आता माझ्यात असतात. तल्लफ आली की मास्तर मला तळहातावर घेतात आणि तंबाखू मळावी तसा अंगठा फिरवतात. माझी मखमल तिथे पार झिजली आहे. झिजू दे बापडी.

मित्रांनो, घरात कुणाच्या तोंडातला चट्टा बरा होत नसेल आणि ते "काही नाही रे, टोचलं असेल" म्हणत असतील, तर त्यांना डॉक्टरकडे न्या. मला सगळे दिसत होते, पण बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.