पाव आत असताना

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांशेजारी माझी जागा. माझं अंग लोखंडाचं, पोट विटांचं आणि दार असं हट्टी की दोनदा ढकलल्याशिवाय लागत नाही. मला घडवणाऱ्या कारागिरानं माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं होतं, "ही म्हातारी झाली तरी भाजत राहील." तसंच झालं. मी म्हातारी झाले आणि अजून भाजते आहे, फक्त जरा सावकाश.

तरुणपणी माझा तोरा काही विचारू नका. माझ्या पावांचा वास सकाळी पार रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा. बेकरीवाले काका गिऱ्हाइकांना मागे बोलावून मला कौतुकानं दाखवायचे. पुढे माझ्या दाराची पट्टी झिजली, ऊब बाहेर जाऊ लागली आणि डावा कोपरा गार पडला. काका रोज म्हणायचे, "पट्टी बदलायला हवी." काकू म्हणायच्या, "आधी तुमचा चष्मा बदला." दोन्ही राहून गेलं.

वस्तीच्या कडेला एक शाळा आहे. तिचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण सगळे तिला कोर्टाची शाळा म्हणतात. हातून गुन्हा घडलेल्या मुलांना कोंडून न ठेवता तिथे शिकवतात. सकाळी धडे आणि दुपारी काम. हे काम शिकवायला शाळेतल्या बाईंनी दारोदार फिरून माणसं जमवली. छापखानेवाल्यानं दोन मुलं घेतली, सायकल दुरुस्त करणाऱ्यानं एक, दवाखान्यातल्या नर्सनं एक. काका कान खाजवत म्हणाले, "बाई, माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे? फार तर पाव. द्या पाठवून."

अशी ती पोरगी आमच्याकडे आली. दुकान फोडणाऱ्या पोरांसाठी तिनं कोपऱ्यावर उभं राहून पहारा दिला होता. आई नव्हती. धाकटी बहीण मावशीकडे होती, बेकरीपासून दोन गल्ल्या सोडून. न्यायाधीशबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की हे वर्ष नीट पार पाड, मग बहिणीजवळ राहायला जा. मध्येच पळालीस तर मात्र लांबच्या बंद सुधारगृहात जावं लागेल. पोरगी त्या एका आशेवर दिवस ढकलत होती.

सुरुवातीला ती स्टुलाच्या कडेवर टेकायची, कुठल्याही क्षणी उठून जाणार असल्यासारखी. काकांनी तिचं नावच पाहुणी ठेवलं. "पाहुणीबाई, जरा पिठाला हात लावता का?" असं म्हणून ते तिला हसवायचे. पण हात चांगला होता तिचा. माझ्या डाव्या कोपऱ्याची खोड तिनं कुणी न सांगता ओळखली. तिथले ट्रे ती मध्येच फिरवायची आणि मला म्हणायची, "चल गं म्हातारे, जरा मनावर घे." इतक्या वर्षांत माझ्याशी असं कुणीच बोललं नव्हतं. खरं सांगते, मला तिचा लळा लागला.

काकांचा नियम एकच होता. पाव आत असताना भट्टी सोडून जायचं नाही. "दुकानाला आग लागली तरी आधी पाव काढ, मग पळ," असं ते म्हणायचे. शाळेचाही एक नियम होता. संध्याकाळी गाडीचा हॉर्न वाजला की मुलांनी येऊन बसायचं आणि जो आला नाही त्याची खबर लगेच वर द्यायची. हे दोन नियम एकमेकांवर कधी आदळले नव्हते, कारण बाई स्वतः मागच्या खोलीत यायच्या, शेवटचा ट्रे निघेपर्यंत थांबायच्या आणि तोंडात गरम पावाचा तुकडा टाकूनच निघायच्या.

एके दिवशी बाई आजारी पडल्या. गाडीबरोबर नवे मास्तर आले. त्याच दिवशी काकूंना चक्कर आली आणि काका त्यांना धरून दवाखान्यात घेऊन गेले. जाताना म्हणाले, "अगं पाहुणे, मी येईपर्यंत भट्टी तुझ्या हवाली." माझ्या दारातून ऊब गळत होती. पाव काही केल्या रंग धरेनात. एवढ्यात हॉर्न वाजला. तिनं आतूनच हाक दिली, "आले, पाव काढते आणि आले." ती हाक मी ऐकली, पण रस्त्यापर्यंत ती गेली नाही. मास्तरांनी पुन्हा हॉर्न वाजवला, वाट पाहिली आणि नियमाप्रमाणे फोन केला. मुलगी पळाली, असं त्यांनी कळवलं.

पाव काढून, गाडीतल्या मुलांसाठी रोजच्यासारखे थोडे फडक्यात बांधून ती बाहेर गेली. रस्ता रिकामा होता. मावशीचं घर हाकेच्या अंतरावर होतं. ती तिकडे गेली नाही. दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. उघड्या दारातून मला तिची पाठ दिसत होती. पोलीस आले तेव्हाही ती तिथेच होती, अंगात पिठानं माखलेला एप्रन, मांडीवर पाव.

"पळालेली ती हीच?" म्हाताऱ्या हवालदारानं विचारलं.

"वर खबर गेलीय. न्यावं तर लागणारच," दुसरा म्हणाला.

ती एवढंच बोलली, "काकांना सांगा, पाव सगळे काढलेत."

काका कोर्टात जाऊन म्हणाले, "तिला मीच थांबवलं होतं." बाई तापातून उठून गेल्या. छापखानेवाला गेला, नर्स गेली. चौकशी होईल, असं उत्तर मिळालं आणि तोवर तिला लांबच्या बंद सुधारगृहात पाठवलं. दुसऱ्याच दिवशी काकांनी माझी पट्टी बदलली. आता काय उपयोग, असं काकू म्हणाल्या नाहीत, पण त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं. चौकशी रेंगाळली. तिची चूक नव्हती, हे ठरायला वर्ष उलटलं. धाकटी बहीण तिला भेटायची तेव्हा मावशीच्या मागे लपू लागली होती.

शेवटी ती परत आली. राहिलेलं वर्ष पुरं करायचं होतं. हात तसाच चांगला होता, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी पाव आत असताना हॉर्न वाजला. हातातलं फडकं टाकून ती धावत सुटली. बाई दारातच तिला म्हणाल्या, "अगं थांब, होऊ दे पाव. मी आहे ना." तोवर ती गाडीत जाऊन बसली होती. बाईंनी, काकांनी किती विनवलं, पण ती काही उतरली नाही. त्या गडबडीत माझ्या पोटातले सगळे पाव काळे झाले. काकांनी ते एकेक करून बाहेर काढले. आता तिच्या गाडीच्या वेळेला ते शेवटचा ट्रे माझ्यात ठेवतच नाहीत.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे. माझं काही बिघडलं तर दुरुस्त करता येतं. तुमच्या मोजणीत कधी एखादं पोर कमी भरलं, तर फोन उचलण्याआधी आत या आणि त्याला एकदा हाक मारा.