जोडी नसलेली वायर

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी हकीकत ऐकून टाळ्या वाजवाव्यात असं तिच्यात काही नाही. मी एक जुना एक्स्टेंशन बोर्ड आहे. कधीकाळी पांढराशुभ्र होतो, आता पिवळट पडलोय. कारखान्यात माझ्या बरोबरीनं तयार झालेल्या भावंडांपैकी कोणाच्या वाट्याला इस्त्री आली, कोणाच्या वाट्याला मिक्सर. मला मिळाली एका मोठ्या हॉस्पिटलची सर्व्हर खोली. कोणालाही वाटेल, पठ्ठ्यानं नशीब काढलं!

खोलीचा कारभार एका इंजिनिअरकडे होता. सगळे त्याला डबलभाऊ म्हणत. खिशात पेनं दोन, चष्मे दोन, डब्यात चमचेसुद्धा दोन. "जो एकावर विसंबला, त्याचा कार्यभाग बुडाला," असं तो येताजाता ऐकवायचा. मूळ म्हण वेगळी आहे, पण त्याला सांगणार कोण?

खोलीही त्यानं तशीच उभारली. कोणत्या पेशंटला कोणतं औषध कधी दिलं, ते लक्षात ठेवणारे सर्व्हर दोन. दोघांकडे माहिती तीच. ते सतत एकमेकांना विचारायचे, "आहेस ना?" "आहे." उत्तर आलं नाही की दुसरा लगेच सगळं काम अंगावर घ्यायचा, आणि वर वॉर्डात नर्सना पत्ताही लागायचा नाही. एसी दोन, नेटवर्कच्या वायरी दोन. बॅटरीच्या खोलीतून विजेच्या लाइनीही दोन यायच्या होत्या. त्यातली एक आली. दुसरी ओढायचं काम वायरमनकडे राहिलं आणि उद्घाटन तर तोंडावर आलेलं. मग डबलभाऊनं मला रॅकच्या मागे जमिनीवर टाकलं, दोन्ही सर्व्हरच्या पिना माझ्यातच खोचल्या आणि म्हणाला, "आजचा दिवस सांभाळ रे बाबा. उद्या काढतो तुला."

तो उद्या काही उजाडला नाही. दुसरी लाइन जोडायची तर सगळं थोडा वेळ बंद ठेवावं लागणार, आणि बंद का, हे सांगावं लागणार. "चाललंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घाला?" असं तो स्वतःलाच समजवायचा. पाहुणे यायचे, जोड्या बघून माना डोलवायचे. मी मात्र मागे धुळीत तोंड लपवून पडलेला असायचो. पुढे सगळा दोनदोनचा थाट आणि त्या सगळ्याचा जीव माझ्या एकुलत्या एका वायरीत! मी गेलो असतो तर दोघंही एकदमच गेले असते. माझं कौतुक कोणी केलं नाही, हेच बरं होतं.

एके दिवशी सकाळी हॉस्पिटलचे मोठे साहेब सगळ्या नर्सच्या प्रमुख असलेल्या मेट्रनबाईंना घेऊन आले. बाईंचा भरवसा कागदी तक्त्यांवर. डबलभाऊ अगदी रंगात आला होता.

"बाई, कुठलीही एक वायर उपटा. काही बंद पडलं तर नाव बदलीन!"

बाईंनी पहिल्या सर्व्हरची नेटवर्कची वायर काढली. दुसऱ्यानं काम उचललं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाई मात्र चौकस. त्या रॅकच्या मागे गेल्या, वाकल्या आणि त्यांनी भिंतीतली माझी पिन धरली.

"ही काढू?"

"ती नको!" डबलभाऊ जवळजवळ ओरडलाच. मग हसला. "ती एसीची आहे."

मित्रांनो, धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. बाईंनी हात मागे घेतला. "बरं बाबा, पटलं मला. उद्यापासून कागद बंद," त्या म्हणाल्या आणि साहेबांबरोबर वर गेल्या.

डबलभाऊ माझ्याशेजारी उकिडवा बसला. मला हात लावला तर मी तापलेलो. माझ्यापायी एखाद्या पेशंटला औषध दोनदा दिलं जाईल, नाहीतर दिलंच जाणार नाही, आणि पडताळायला कागदही नसेल, हे आता त्यालाही दिसत होतं. तो उठला, जिना चढून वर गेला आणि बाईंना घेऊन आला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"बाई, मघाशी खोटं बोललो. ती एसीची नाही. ती काढली तर दोन्ही बंद पडतात."

बाई म्हणाल्या, "कागद अजून वॉर्डात आहेत. मी फोन करून सगळ्यांना सांगते. मग काढा. तुमच्या हातानं काढा."

"आत्ता?"

"आत्ताच. बंद पडायचं ते माझ्यासमोर पडू दे, पेशंटसमोर नको."

फोन झाले आणि त्यानं माझी पिन ओढली. दोन्ही सर्व्हरवरचे सगळे दिवे एकदम विझले. त्यांची घरघरही थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वायरमन आला, दुसरी लाइन ओढली, मगच दिवे लागले. मला उचलून मोडक्या वस्तूंच्या खोक्यात ठेवलं. ते योग्यच झालं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, असं मी म्हणत नाही. एवढंच करा, तुमच्याकडे कुठे काही 'आजच्यापुरतं' म्हणून ठेवलेलं असेल, तर एकदा वाकून बघा. आणि कोणी त्याच्यावर बोट ठेवलं, तर तो समोर असतानाच खरं सांगा. मागाहून जिना चढून सांगायला फार लाज वाटते.