होल्याची वांझ अंडी

भाषावार राज्यं झाली आणि बऱ्हाणपूर हिंदी राज्यात राहिलं, त्या हिवाळ्यात बऱ्हाणपूरच्या मुलींच्या शाळेत विज्ञानाची पुस्तकं हिंदीत आली. रजनीबाई ती वाचून मराठीत समजावून सांगत. शाळेची शिपाईण धुरपदाबाई दाराशी पाणी भरता भरता ऐकत असे.

त्या दिवशी टेबलावर विहिरीच्या ओल्या दगडावरून आणलेली मार्कँशिया होती. शेवाळासारखी हिरवी, चपटी, वर इवल्या छत्र्या. वर्गाच्या कोनाड्यात होल्याची, कबुतरासारख्या पक्ष्याची, जोडी राहत होती. त्यांची अंडी दोनदा पिल्लं न निघताच वाया गेली होती.

"मादी वांझ आहे, बाई," एक मुलगी म्हणाली.

"कशावरून? दोष नराचाही असेल," रजनीबाई म्हणाल्या. "होल्यात नर वेगळा, मादी वेगळी. या वनस्पतीतही तसंच. होला उडत मादीपाशी येतो. हिला जागचं हलता येत नाही, म्हणून नराचं बीज पाण्याच्या थेंबातून जातं. पण बीजच धड नसेल, तर मादी काय करणार? माणसातही असंच."

धुरपदाबाईच्या हातातला तांब्या फरशीवर आदळला.

मुली हसल्या. ती सांडलेलं पाणी पुसू लागली. पंधरा वर्षांपूर्वी डोईफोडिया गावी तिच्या नवऱ्यानं, दगा त्याचं नाव, तिला वांझ म्हणून घराबाहेर काढलं होतं. गावानं तेच म्हटलं, आईनंही. मग तिनंही मानलं. तेव्हापासून ती कुणाच्या बारशाला गेली नव्हती.

वर्ग सुटल्यावर तिनं विचारलं, "बाई, माणसातही म्हनल्या तुम्ही?"

"हो. डॉक्टर सांगतात."

"मंग मले कोनी सांगितलं का नाही?"

रजनीबाईंनी पुस्तक मिटलं.

दगानं नंतर सरुबाईशी लग्न केलं होतं. तिलाही मूल झालं नाही, तिलाही त्यानं माहेरी खकनारला धाडलं. ते ऐकून धुरपदाबाईला तेव्हा बरं वाटलं होतं. आता ते आठवून तिला लाज वाटली.

रविवारी ती मोटारीनं खकनारला गेली. सरुबाई अंगणात कापूस निवडत होती. सवतीला पाहून ती उठून उभी राहिली.

"तू वांझ नाही, सरू. मीबी नव्हती. दोष त्याच्यातच होता." धुरपदाबाईनं ऐकलेलं सगळं सांगितलं.

सरुबाई पुन्हा कापसापाशी बसली. "मी नऊ वर्षं उपास केले, ताई," ती पुटपुटली. "नऊ वर्षं. आता कळून काय करू?"

धुरपदाबाई तिच्या शेजारी बसून कापूस निवडू लागली. कापूस निवडून झाल्यावर सरुबाई म्हणाली, "एकदा डोईफोडियाला जाऊ. दोघी. त्याच्या दारात उभं राहून सांगू."

"चाल," धुरपदाबाई म्हणाली.