मुठीतली तांबडी माती

सन दोन हजार एकोणीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या साली पौषातल्या एका सकाळी, तेल, हळद नि कापूर जिरलेल्या आमच्या निपाणीच्या तालमीतल्या मातीच्या वासात स्पिरिटचा वास शिरला आणि मी पंचा नाकाला लावला. तो वास महादेवी आक्काचा.

माझी शाळा तिसरीत सुटली. शब्द जे काही आहेत ते देवळात पोथी ऐकून कानांनी वेचलेले. त्यांतच ही बाई मांडतो.

चाळिशीची, कानडी मुलखातली, सावळी. खांद्याला कापडी पिशवी, आणि हेमंतातल्या उन्हासारखा सौम्य, न भाजणारा आवाज. गोव्याला गाड्या हाकणाऱ्या जवान पोरांचं रक्त तपासायचं, बाहेरच्या संगतीनं जडणारी गरमी, एड्स असले रोग वेळेत धरायचे, हे तिचं काम. सुई टोचण्याआधी ती समोरच्याचं गारठलेलं बोट दोन्ही तळव्यांत धरून, समईची वात वळावी तसं हळुवार चोळायची. मला त्या चोळण्याचीसुद्धा किळस यायची. परक्या पुरुषाचा हात, त्यात असलं पाप, आणि हिच्या मुद्रेवर मात्र गाभाऱ्यातली शांती!

"वस्ताद, पोरं इथंच जमतात की," ती म्हणाली. "अंगणात टेबल टाकते. दोन तास बसते, बस्स."

"बाई, हितं मारुती हाय. लंगोट कसलेल्याला असला घाणेरडा रोग होत न्हाय. उचला पिशवी."

"रोगाला लंगोट दिसत न्हाई हो आप्पा," ती हसली, आणि त्या दिवसापासून समोर चिंचेखाली टेबल टाकून बसू लागली.

तिचं नाक ठेचायचं म्हणून मी त्याच दिवशी अठरा पोरं ओळीत उभी केली. आमच्या तालमीत खऱ्याखोट्याचा निवाडा मातीनं होतो. मूठभर तांबडी माती घ्यायची, मारुतीकडं बघून बोलायचं, की पुढं कुणी शंका घ्यायची नाही. एकेक पोरगं मूठ आवळून म्हणत गेलं, "वस्ताद, मी निर्मळ हाय." माझी छाती फुगत गेली. शेवटी भरमा. बावीस वर्षांचा, माझा सगळ्यांत चांगला मल्ल. कणकुंबीच्या वाटेनं गोव्याला टेम्पो न्यायचा. त्यानं माती उचलली, क्षणभर धरली, मग बोटं सैल सोडली. माती झरत खाली गेली तो आवाज माझ्या कानात अजून आहे. वाळल्या पानावर पावसाचे चार थेंब पडावेत, एवढाच.

"जा," मी म्हणालो. "उंबरा शिवू नगंस." आणि थुंकलो.

दुसऱ्या दिवशी तो चिंचेखाली बसलेला दिसला, बोट तिच्या तळव्यांत. नंतर मी आक्काला गाठलं. "काय निघालं त्या भरमाचं?"

"कुठला भरमा हो, आप्पा?" तिनं डोळे वर केले; तळ्याच्या स्थिर पाण्यात आकाश दिसावं, पण तळ दिसू नये, तसे. सरळ खोटं! मला बाईचा आणखीच वीट आला.

माघ सरत आला तेव्हा एका सायंकाळी भरमा आला. उंबऱ्याच्या बाहेर, चप्पल हातात.

"वस्ताद, गरमी होती मला. आक्कानं दवाखान्यात नेलं, आठवड्याला एक अशा तीन सुया झाल्या. आता उतरली."

"मला कशाला सांगतोस रं ही घाण?"

"माज्यासंगं गोव्याला जाणारी आनिक दोघं आत हायत. एकाच ठिकाणी गेलतो तिघं. त्यातल्या एकाचं फाल्गुनात लगीन हाय. मी नाव घेणार न्हाय. पन तुमच्या भ्यानं ती आक्काकडं जात न्हाईत. त्याची व्हनारी नवरी फुकट जाईल, वस्ताद."

"त्यांनी माती घेतलीया हातात!"

"व्हय. मला घेऊन खोटं बोलवंना. त्यांना बोलवलं."

तो गेला. मी मातीत बसून राहिलो. पन्नास वर्षं मी ही माती चाळली, घोळली, पुजली, आणि तिच्या नावानं केलं काय, तर एका खऱ्या पोराला हाकललं नि दोन खोट्यांना आत झाकून ठेवलं. त्या रात्री जी शिसारी आली ती स्पिरिटची नव्हती, रोगाची नव्हती. माझ्याच तळहाताची होती. आणि भरमाचं नाव झाकणाऱ्या आक्काच्या एका खोट्यानं पोरगं अब्रूनिशी वाचलं होतं.

आक्का आता इथं नाही. तिचं काम बंद पडलं, पिशवी उचलून कुठं गेली कुणास ठाऊक. स्पिरिटचा वास मला आजही सोसत नाही. पण आठवण तर त्याच वासानं येते, त्याला इलाज नाही.

भरमा येऊन गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी आक्का येताच मी चिंचेखालचं तिचं टेबल स्वतःच्या डोक्यावर घेऊन आत आणलं, मारुतीसमोर मांडलं, भरमाला निरोप धाडला, आणि सगळ्यांच्या देखत पहिलं बोट माझं पुढं केलं. तिनं ते तळव्यांत घेऊन वातीगत वळलं. सुई एकदा टोचली, रक्त नाही.

"आप्पा, कातडं लई जाड हाय तुमचं."

"टोच आनिक, आक्का."

थेंब आला. माझ्या पाठीमागं अनवाणी पावलं सरकू लागली. एक, मग आणखी. कुणाची, ते बघायला मी मान वळवली नाही.