अठराव्या खुणेची जागा

मी एक जुना मेगर आहे, मित्रांनो. नाव ऐकून दचकू नका. काळी पेटी, काचेखाली एक सुई, बाजूला फिरवायचं हँडल आणि गळ्यात अडकवायचा चामड्याचा पट्टा, एवढाच माझा संसार. यंत्रातली वीज आपल्या वाटेनं जाते की चोरून बाहेरच्या पत्र्यात उतरते, हे मी सांगतो. सगळं ठीक असेल तर माझी सुई एका टोकाला जाते. वीज गळत असेल तर ती शून्यावर येऊन बसते. तोंडदेखलं बोलणं मला जमत नाही.

माझा जन्म कलकत्त्याचा. मालगाडीनं झाशीला आलो आणि विजेची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात राजाभाऊंच्या हाती पडलो. राजाभाऊ साताऱ्याहून नोकरीसाठी आलेले, अंगानं किरकोळ, पण कामात फार चिवट. चौतीस वर्षं आम्ही जोडीनं काम केलं. ते निवृत्त झाले तेव्हा मीही भंगारात निघालो होतो. त्यांनी मला विकत घेतलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेलं.

त्यांची एक रीत होती. यंत्र फाटकाबाहेर जाण्याआधी त्यात खोट सापडली आणि ते त्यांनी थांबवलं, की माझ्या पट्ट्यावर खिळ्यानं एक खूण करायची. जी हजारो यंत्रं बिनतक्रार पास झाली, त्यांची खूण नाही. ट्रक फाटकाशी उभा आहे म्हणून साहेब तावातावानं बोलत, आणि हा माणूस शांतपणे माझं हँडल फिरवत बसे. अशा सतरा खुणा माझ्या पट्ट्यावर आहेत. नवीन पोरं त्या मोजून बघत, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे राजाभाऊंची मुलगी ऋचा आणि तिचा कॉलेजातला मित्र पराग यांनी ओरछा गेटजवळच्या गल्लीत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर कंपनी काढली. ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर बसवायचा एक लोखंडी डबा ते बनवत. ट्रान्सफॉर्मर फार तापला की डबा मोबाइलवर कळवतो. पोरं हुशार होती, मान मोडून काम करत होती. एका मोठ्या वीज कंपनीनं चारशे डबे घ्यायची तयारी दाखवली, पण आधी म्हणे कंपनी चालवणाऱ्यांचा अनुभव तपासणार. इथेच घोडं अडलं. दोघांचा मिळून अनुभव एका हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढा.

मग राजाभाऊ तांत्रिक संचालक झाले. भिंतीवर त्यांचा कोटातला फोटो लागला आणि त्याखाली ‘चौतीस वर्षांचा अनुभव’ अशी पाटी. पाटीखाली काचेचं कपाट, आणि कपाटात मी. ऋचानं मला पॉलिश लावून चकचकीत केलं. खरं सांगतो, मी फुशारलो. राजाभाऊही फुशारले होते. रोज सकाळी कोट घालून यायचे, वर्तमानपत्र वाचायचे, चहा घ्यायचे आणि घरी जायचे. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

एकदाच, एप्रिलमध्ये, त्यांनी डब्याच्या झाकणाखालची रबरी पट्टी बोटानं दाबून पाहिली. झाशीच्या उन्हात हे रबर पापडासारखं कडक होईल, मग आत पाणी शिरेल, डबा भिजवून तपासायला हवा, असं ते म्हणाले. पराग म्हणाला की काका, ते सगळं कॉम्प्युटरवर तपासून झालंय. राजाभाऊंनी लेकीकडे पाहिलं. ती कामात होती, चेहरा दमलेला. ते “बरं” म्हणाले आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

मित्रांनो, साहेबांपुढे ज्यांनी कधी ‘बरं’ म्हटलं नाही, ते लेकीच्या मायेपोटी ‘बरं’ म्हणून मोकळे झाले. मला त्यांचा राग आला. अजूनही येतो.

डबे खांबावर बसवायचं काम जयसिंगकडे होतं. तो एरच गावचा लाइनमन, रोज शिकायला यायचा आणि माझ्या काचेत बघून भांग पाडायचा. खांबावर चढल्यावर त्या डब्याला पहिला हात त्याचाच लागणार होता. तो समोर आला की माझा जीव टांगणीला लागे.

ऑगस्टात वीज कंपनीच्या प्रियदर्शिनी बाई तपासणीला आल्या. घर मराठी, पण वडील फौजेत, त्यामुळे बालपण झाशीजवळ बबिन्याच्या छावणीत गेलेलं. मराठी अडखळत, पण मनापासून बोलायच्या. परागनं पडद्यावर सगळं दाखवलं. बाईंनी ते पाहिलं, मग भिंतीवरची पाटी वाचली आणि राजाभाऊंसमोर खुर्ची ओढून बसल्या.

“काका, वर्षं मी वाचली,” त्या म्हणाल्या. “या डब्यात तुम्ही काय थांबवलं, ते सांगा.”

ऋचा वडिलांकडे बघत होती. तिचे डोळे काय मागत होते, ते मला काचेआडूनही कळलं. राजाभाऊंनी कोटाचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “एकदा शंका आली होती. मी गप्प बसलो.”

मग ते उठले, कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं. एप्रिलपासून गच्चीवर पत्र्याखाली तापत पडलेला, पावसापासून कोरडा राहिलेला एक डबा त्यांच्या सांगण्यावरून जयसिंगनं खाली आणला. कोरड्या डब्यावर माझी सुई चांगल्या टोकाला गेली. परागचा जीव भांड्यात पडला. राजाभाऊंनी मगभर पाणी मागवलं, झाकणावर ओतलं आणि दहा मिनिटं थांबायला सांगितलं. मग त्यांनी हँडल फिरवलं.

मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही. त्या दिवशी मात्र बोलावंसं वाटलं, कारण ऋचा माझ्याकडेच बघत होती. सुई शून्यावर आली.

जयसिंगनं आपला तळहात उलटापालटा करून पाहिला. “बाबूजी,” तो हळूच म्हणाला, “हमें तो जेई डिब्बा हाथ से पकड़नो हतो.” हाच डबा त्याला खांबावर हातानं धरायचा होता.

चारशे डब्यांचं काम गेलं. पराग महिन्याभरात नोकरी धरून नोएडाला गेला. जाताना तो राजाभाऊंच्या पाया पडला. राजाभाऊंनी स्वतःच आपला फोटो भिंतीवरून उतरवला. घरी ऋचा त्यांचं ताट वाढायची आणि आत निघून जायची. असे कित्येक दिवस गेले. मी पुन्हा काचेत होतो, आणि आता पुसायलाही कुणी येत नव्हतं.

एका दुपारी कपाट उघडलं. ऋचा होती. टेबलावर दुसऱ्या जातीच्या रबरी पट्ट्या, एक डबा आणि पाण्याची बादली. राजाभाऊंना तिनं घरून बोलावून घेतलं होतं. ते या वेळी कोट न घालता आले.

“बाबा, कैसे घुमाते हैं, दाखवा ना,” ती म्हणाली. मग माझा पट्टा चाचपून तिनं खिळा पुढे केला. “पहिले अठरावी खूण तर करा.”

राजाभाऊंनी खिळा हातात घेतला, बराच वेळ धरला आणि टेबलावर ठेवून दिला.

“ही माझी नाही,” ते म्हणाले. “हा डबा त्या बाईंनी थांबवला. मी फक्त फोटोत होतो.”

ऋचानं हँडल धरलं आणि फिरवायला लागली. तिचा हात अजून कच्चा आहे, मध्येच मंदावतो आणि माझी सुई थरथरते. पुढचं काम मिळेल की नाही, ते मलाही ठाऊक नाही. पट्ट्यावर सतरा खुणांच्या पुढची जागा कोरी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कारखान्यात माझ्यासारखं काही जुनं असेल, राजाभाऊंसारखं कुणी असेल, तर त्यांना पॉलिश लावून काचेत ठेवू नका. आमची वर्षं मोजून आमचं काही भलं होत नाही. आम्हाला कामाला लावा, आम्हाला विचारा. आणि आम्ही नुसतं ‘बरं’ म्हणालो, तर पुन्हा एकदा विचारा.